पटरची लांबी : मापाचा हिशेब आणि हातांची जाणीव

गोल्फच्या पिशवीत नियमानुसार जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. त्यांत पटरइतक्या वेळा दुसरा कोणताही क्लब हाती येत नाही. ड्रायव्हर एका फेरीत फार तर १४ वेळा वापरला जातो. पटर मात्र चांगल्या खेळाडूच्या हातीही तिसाच्या आसपास आणि हौशी खेळाडूच्या हाती त्याहून बऱ्याच अधिक वेळा येतो. असे असूनही खरेदीच्या वेळी सर्वांत कमी मोजमाप होते ते पटरचेच. ड्रायव्हर घेण्यासाठी संगणकाच्या पडद्यासमोर तासभर चेंडू मारून पाहणारा गृहस्थ पटर मात्र दुकानातल्या कृत्रिम गवताच्या पट्टीवर चार चेंडू ढकलून पसंत करतो. त्याची लांबी किती, असे विचारल्यास बहुतेकांचे उत्तर ‘नेहमीची’ असे असते.

ही ‘नेहमीची’ लांबी म्हणजे पुरुषांसाठी ३४ किंवा ३५ इंच आणि महिलांसाठी ३३ इंच. दुकानांतून प्रामुख्याने याच मापांचे पटर मिळतात. ही मापे खेळाडूच्या शरीरावरून ठरलेली नाहीत. ती उत्पादनाच्या आणि साठवणुकीच्या सोयीची आहेत. पाच फूट चार इंच उंचीच्या आणि सहा फूट दोन इंच उंचीच्या खेळाडूने एकाच मापाचा पटर वापरावा, यात तर्क फारसा नाही. लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या पटरचा जन्म याच अडचणीतून झाला. हे पटर वापरलेल्या खेळाडूंमध्ये आजही दोन तट आढळतात. एक तट म्हणतो, आयुष्यात प्रथमच योग्य मापाचा क्लब हाती आला. दुसरा म्हणतो, माप जुळले, पण हाताला जी गोष्ट जाणवायला हवी ती हरवली. दोन्ही तटांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आधी लांबीचा आणि नेमाचा संबंध पाहिला पाहिजे.

एका अंशाचा खेळ

गोल्फच्या होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर असतो. मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर ५४ मिलिमीटर. दहा फुटांवरून, म्हणजे सुमारे तीन मीटरवरून सरळ पट मारताना पटरचा दर्शनी भाग, ज्याला खेळाडू ‘फेस’ म्हणतात, केवळ एका अंशाने वळलेला असेल तर चेंडू होलपाशी पोहोचेपर्यंत सुमारे ५३ मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. याचा अर्थ दहा फुटांवर एका अंशाची चूक म्हणजे होलची कड. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेच्या पीजीए टूरवरील फटक्यांच्या नोंदींचा अभ्यास करून दाखवून दिले आहे, की व्यावसायिक खेळाडूदेखील आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट होलमध्ये घालतात. दूरचित्रवाणीवर केवळ आघाडीवरच्या खेळाडूंचे पट दाखवले जात असल्याने आपला समज निराळा होतो, एवढेच.

चेंडू कोणत्या दिशेने निघेल हे मुख्यत्वे फेसच्या दिशेवर अवलंबून असते; पटर कोणत्या मार्गाने झुलला याचा वाटा त्या मानाने थोडा. फेस सरळ आहे की नाही हे खेळाडू डोळ्यांनी ठरवतो आणि डोळे कोठे असतील हे ठरते उभे राहण्याच्या पद्धतीवरून. येथे लांबीचा प्रश्न येतो.

पटर गरजेपेक्षा लांब असेल तर खेळाडू चेंडूपासून दूर उभा राहतो. डोळे चेंडूच्या रेषेच्या आत, म्हणजे पायांच्या बाजूला राहतात. तिरक्या नजरेने पाहताना रेषा आहे त्याहून वेगळी भासू शकते. हट्टाने चेंडूजवळ उभे राहावे, तर कोपरे बाहेर फाकतात आणि ग्रिपचे टोक सदऱ्यात अडकते. याउलट पटर आखूड असेल तर कंबरेतून अधिक वाकावे लागते, डोळे चेंडूच्या पलीकडे जातात आणि सरावाच्या ग्रीनवर अर्धा तास घालवल्यावर पाठ बोलू लागते. शेवटची तक्रार किरकोळ वाटेल. परंतु पाठ दुखते म्हणून सराव न करणारे खेळाडू कोणत्याही गोल्फ क्लबमध्ये दहाजण सहज सापडतील.

लांबीबरोबर आणखी एक गोष्ट बदलते. शाफ्ट जमिनीशी जो कोन करतो त्याला ‘लाय अँगल’ म्हणतात. बाजारातील बहुतेक पटरमध्ये तो ७० अंशांच्या जवळपास असतो. लांब पटर घेऊन दूर उभे राहिले की शाफ्ट आडवा होतो आणि पटरचे पुढचे टोक जमिनीवरून उचलले जाते. फेसला तीन-चार अंशांचा उतार, म्हणजे ‘लॉफ्ट’ असल्यामुळे टोक उचलले की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फेस किंचित डावीकडे पाहू लागतो. या परिणामाचा गवगवा मात्र अंमळ जास्तच केला जातो. चार अंशांचा लॉफ्ट आणि दोन अंशांची लाय अँगलमधील चूक धरून हिशेब केला, तर फेसची दिशा एका अंशाच्या सातव्या भागाइतकी बदलते. दहा फुटांवर हा फरक पाऊण सेंटिमीटरही होत नाही. जपानचे इसाओ आओकी आयुष्यभर पटरचे टोक हवेत ठेवून खेळले आणि जगातील उत्तम पटिंग करणाऱ्यांत गणले गेले. तेव्हा लांबीचा खरा परिणाम लाय अँगलपेक्षा डोळ्यांच्या जागेवर आणि खांद्यांच्या हालचालीवर होतो, असे मानणे योग्य ठरेल.

योग्य माप ओळखावे कसे? केवळ उंचीवरून ते ठरत नाही. सारख्या उंचीच्या दोन माणसांच्या हातांची लांबी वेगळी असते आणि वाकण्याची सवयही. म्हणून जाणकार शिक्षक उंचीऐवजी सरळ उभे असताना मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतात आणि त्यानंतर प्रत्यक्ष पवित्रा पाहतात. पटर हाती न घेता पटिंगच्या पवित्र्यात उभे राहावे, हात खांद्यांपासून मोकळे सोडावेत आणि तळहात जेथे सहज एकत्र येतात तेथे ग्रिपचा मध्य यावा, ही ढोबळ कसोटी. दुसरी कसोटी त्याहून सोपी. पवित्रा घेतल्यावर नाकाच्या बुंध्याशी धरलेला चेंडू सरळ खाली सोडावा. तो जमिनीवरच्या चेंडूवर किंवा त्याच्या किंचित आत पडला तर लांबी बहुधा ठीक आहे. जुना पटर नेहमी ग्रिपच्या टोकापासून दोन इंच खाली धरला जात असेल, तर तो दोन इंच लांब आहे हे सांगायला कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही.

चावीने बदलणारे माप

लांबी बदलणाऱ्या पटरची कल्पना साधी आहे. कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय जसे एकात एक सरकतात, तशा शाफ्टच्या दोन नळ्या एकात एक बसवलेल्या असतात. ग्रिप वरच्या नळीवर असते. ग्रिपच्या टोकाला असलेल्या छिद्रात चावी घालून फिरवली की पकड सैल होते, हवी ती लांबी घेता येते आणि पुन्हा चावी फिरवून नळ्या घट्ट करता येतात. अमेरिकेतील पिंग या कंपनीने २०१० नंतरच्या दशकात ही रचना आपल्या अनेक पटरमध्ये दिली. २०१८ मधील ‘सिग्मा २’ आणि २०२० मधील ‘हेप्लर’ या मालिकांतील पटर ३२ ते ३६ इंचांपर्यंत, म्हणजे सुमारे ८१ ते ९१ सेंटिमीटरपर्यंत कमी-जास्त करता येत असत.

पिंगनेच याबाबत पुढाकार घ्यावा यात आश्चर्य नाही. या कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम हे मूळचे नॉर्वेचे आणि व्यवसायाने अभियंते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत नोकरी करत असताना, पटिंग जमत नाही म्हणून त्यांनी १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील आपल्या घराच्या गॅरेजमध्ये स्वतःचा पटर तयार केला. चेंडू लागताच त्यातून ‘पिंग’ असा नाद निघे, तेच कंपनीचे नाव झाले. १९६६ मध्ये त्यांनी ग्रामोफोनच्या तबकडीच्या वेष्टनावर ज्या पटरचे रेखाटन केले त्याचे नाव ‘अँसर’. वजन हेडच्या दोन टोकांना विभागण्याची त्यातील कल्पना पुढे जवळजवळ प्रत्येक कंपनीने उचलली. इंग्रजीतील मूळ शब्द लांब होत असल्याने त्यातले एक अक्षर गाळण्याची सूचना त्यांच्या पत्नी लुईस यांनी केली होती.

सरकत्या शाफ्टचे लाभ उघड आहेत. वाढत्या वयाच्या मुलाला दर दोन वर्षांनी नवा पटर घ्यावा लागत नाही. घरातील दोन व्यक्तींना एकच पटर आपापल्या मापाने वापरता येतो. जुना पटर विकताना तो कापून आखूड केलेला आहे, ही सबब ग्राहकाला सांगता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, माप ठरवण्याचा प्रयोग दुकानातल्या पाच मिनिटांत न उरकता महिनाभर आपल्या ग्रीनवर करता येतो. साधा पटर एकदा कापला की कापला. पुन्हा लांब करायचा तर शाफ्टला जोड द्यावा लागतो, आणि जोड दिलेला पटर खेळाडूला मनातून कधीच आवडत नाही.

वजन कोठे गेले?

आता दुसऱ्या तटाची तक्रार पाहू. गोल्फमध्ये क्लबचे एकूण वजन आणि तो झुलवताना जाणवणारे वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या वजनाला ‘स्विंगवेट’ म्हणतात. ते मोजण्याचा काटा क्लबला ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर तोलून धरतो आणि हेडच्या बाजूचा भार किती आहे हे अक्षर व अंक यांच्या जोडीने सांगतो. ए, बी, सी, डी अशी अक्षरे पुढे जातात आणि प्रत्येक अक्षराचे शून्य ते नऊ असे दहा टप्पे असतात.

पटर अर्धा इंच आखूड केला की स्विंगवेट सुमारे तीन टप्प्यांनी उतरते. एका इंचाला सहा टप्पे. म्हणजेच ३६ इंचांचा पटर चावी फिरवून ३२ इंचांवर आणला, तर ते सुमारे २४ टप्प्यांनी, म्हणजे दोन अक्षरांहून अधिक घसरते. हेडच्या वजनाच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक इंचाला साधारण १५ ते २० ग्रॅम, चार इंचांना सत्तर ग्रॅमच्या आसपास. साडेतीनशे ग्रॅमच्या हेडमधून सत्तर ग्रॅम काढून घेतल्यावर जे वाटेल, ते खेळाडूला वाटते. पटर हलका, पोकळ, हातात हेड आहे की नाही अशी शंका यावी इतका निर्जीव भासतो. अनेक खेळाडू याला ‘फील गेला’ असे म्हणतात आणि दोष सरकत्या नळीला देतात. वस्तुतः बराचसा दोष लांबीचा असतो. साधा पटर कापून तितकाच आखूड केला असता तर तोही असाच भासला असता.

सरकत्या यंत्रणेचा स्वतःचा दोष आहेच, पण तो वेगळा. यंत्रणेचे काही ग्रॅम वजन ग्रिपच्या बाजूला पडते. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात भर पडावी तसे हेड आणखी हलके वाटू लागते. शिवाय पटरमधून हाताकडे येणारी कंपने एका अखंड नळीतून नव्हे, तर दोन नळ्यांच्या सांध्यातून येतात. ज्यांचे हात तीस वर्षे एकाच पोलादी शाफ्टला सरावलेले आहेत त्यांना हा फरक जाणवतो; नवख्याला बहुधा जाणवत नाही. काहींना सांध्यातून बारीक खडखड ऐकू आल्यासारखे वाटते. अशा वेळी चावी पुरती घट्ट झाली आहे ना, हे प्रथम पाहावे. ग्रिपची सपाट बाजू फेसशी काटकोनात बसली आहे ना, हेही लांबी बदलल्यावर दरवेळी तपासणे हिताचे. अंगठे ज्या सपाट पट्टीवर विसावतात ती किंचित जरी फिरली तरी फेसही फिरतो, आणि एका अंशाची किंमत आपण वर पाहिलीच आहे.

जाणीव ही गोष्ट केवळ वजनाचीही नाही. तिच्यात आवाजाचा वाटा मोठा असतो. कठीण धातूच्या फेसवर चेंडू आपटला की टणत्कार येतो आणि खेळाडू म्हणतो, पटर कडक आहे. मऊ प्लास्टिकची पट्टी बसवलेल्या फेसवरून दबका आवाज येतो आणि तोच खेळाडू म्हणतो, पटर लोण्यासारखा आहे. वर उल्लेखिलेल्या दोन मालिकांत लांबी बदलण्याची सोय सारखीच होती. पण सिग्मा २ च्या फेसमध्ये मऊ व टणक अशा दोन थरांची पट्टी होती, तर हेप्लरचा फेस सरळ धातूचा. साहजिकच दोहोंविषयीची मते टोकाची भिन्न निघाली. एकीला नाकारणाऱ्याने सरकत्या शाफ्टलाच नाकारले असे समजणे चूक होईल. ग्रिपच्या जाडीचेही तसेच. जाड ग्रिप हातांना शांत ठेवते, मात्र तिचे वजन जास्त असेल तर हेड पुन्हा हलके भासते. दोन पटरची तुलना करताना लांबी, फेस, ग्रिप आणि हेडचे वजन ही चारही अंगे एकदम बदलली, तर निष्कर्ष कशाचा काढायचा? बहुतेक तुलना येथेच फसतात.

याला उपाय आहे आणि तो महागडा नाही. आज अनेक पटरच्या तळाशी स्क्रूने बदलता येणारी वजने असतात. लांबी कमी केली तर जड वजने लावावीत, वाढवली तर हलकी. अशी सोय नसेल तर हेडच्या तळाला किंवा मागच्या बाजूला शिशाची चिकटपट्टी लावता येते. एक इंच लांबी कमी केल्यास पंधरा-वीस ग्रॅमची भर, हा हिशेब प्रारंभी पुरेसा आहे. साध्या पटरच्या निर्मात्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. म्हणूनच काही कंपन्या ३३ इंचांच्या पटरला जड आणि ३५ इंचांच्या पटरला हलकी वजने लावून विकतात. सरकत्या शाफ्टच्या जाहिरातीत मात्र चार इंचांची लांबी ठळक अक्षरांत सांगितली गेली; तिच्यासोबत हेडचे वजनही बदलावे लागते, ही गोष्ट तितक्या ठळकपणे सांगितली गेली नाही. या यंत्रणेबद्दल जे गैरसमज पसरले त्यांचे मूळ बहुतांशी येथे आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

मुंबई-पुण्याच्या खेळाडूंच्या दृष्टीने वजनाचा मुद्दा आणखी महत्त्वाचा. पावसाळ्यात ग्रीन ओले आणि मंद होतात, चेंडू गवतात किंचित रुतून बसतो. अशा वेळी हलक्या भासणाऱ्या पटरने जोर लावावा लागतो आणि जोर लावला की मनगटे मध्ये येतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला जलद ग्रीनवर जमलेला पटर जुलैमध्ये परका का वाटतो, याचे एक कारण हे असू शकते.

नियम काय सांगतो

गोल्फचे नियम ब्रिटनमधील आर अँड ए आणि अमेरिकेतील यूएसजीए या संस्था संयुक्तपणे ठरवतात आणि भारतातही तेच लागू आहेत. कोणताही क्लब १८ इंचांपेक्षा आखूड असता कामा नये. इतर क्लबना ४८ इंचांची कमाल मर्यादा आहे. २०२२ पासून स्पर्धा आयोजकांना ती ४६ इंचांवर आणण्याची मुभा देण्यात आली. पटर मात्र या कमाल मर्यादेतून पूर्णपणे मुक्त आहे. पटरची लांबी ग्रिपच्या टोकापासून शाफ्टच्या रेषेत तळापर्यंत मोजतात. शाफ्ट उभ्या रेषेपासून किमान दहा अंश कललेला असावा, अशीही अट आहे. त्यामुळे क्रोकेटच्या हातोड्याप्रमाणे सरळ उभा पटर चालत नाही.

लांबी बदलण्याची सोय असलेला पटर नियमबाह्य नाही. फक्त बदल सहजासहजी होता कामा नये, सर्व भाग पक्के बसलेले असावेत, खेळताना ते सैल होण्याची शक्यता नसावी आणि प्रत्येक मापात क्लब नियमांत बसणारा असावा. बोटांनी फिरवून सरकणाऱ्या, प्रवासासाठी बनवलेल्या स्वस्त पटरबाबत म्हणूनच सावध राहिले पाहिजे.

खरा धोका पुढे आहे. नियम ४.१ नुसार फेरी सुरू झाल्यानंतर क्लबचे गुणधर्म जाणूनबुजून बदलता येत नाहीत. पाचव्या होलवर पट चुकला म्हणून सहाव्यावर चावी काढून पटर अर्धा इंच आखूड केला आणि त्याने एक जरी फटका मारला, तर शिक्षा एका-दोन फटक्यांची नाही. खेळाडू थेट बाद होतो. चूक लक्षात येऊन फटका मारण्यापूर्वी लांबी पूर्ववत केली तर मात्र दंड नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात हवा तेवढा बदल करावा, त्याला आडकाठी नाही. एकाच फेरीत दोन लांबींचे पटर हवेच असतील तर १४ क्लबच्या मर्यादेत दोन वेगळे पटर बाळगावेत. ते पूर्णतः वैध आहे. मासिक स्पर्धेत चावी पिशवीच्या तळाशी ठेवणे शहाणपणाचे.

लांब पटरचे महाभारत

लांबीचा हा वाद तीन-चार इंचांपुरता राहिला असता तर तो दुकानातच मिटला असता. परंतु पटरच्या लांबीने गोल्फच्या नियमांना हादरा दिला तो छातीपर्यंत पोहोचणाऱ्या पटरमुळे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील ज्येष्ठांच्या स्पर्धांत चार्ली ओवेन्स, ऑर्व्हिल मूडी यांसारखे खेळाडू पन्नास इंचांच्या आसपासचा पटर हनुवटीखाली वा छातीशी टेकवून खेळू लागले. मूडी यांनी १९८९ मध्ये यूएस सीनियर ओपन जिंकली. पुढे पोटाशी टेकवण्याचा मध्यम लांबीचा ‘बेली पटर’ आला. वरचे टोक शरीराशी स्थिर केले की पटर घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो आणि मनगटांचा थरकाप बाजूला पडतो.

हा थरकाप म्हणजेच ‘यिप्स’. तीन फुटांच्या पटवर हात अचानक झटका देतात, पटर इच्छेविरुद्ध उडतो. ज्याला हे झाले नाही त्याला ते हास्यास्पद वाटते. ज्याला झाले त्याची कारकीर्द संपते. जर्मनीचे बर्नहार्ड लँगर यांना याने एकदा नव्हे, अनेकदा गाठले आणि अखेरीस त्यांनी लांब पटरचा आश्रय घेतला. दक्षिण आफ्रिकेच्या टिम क्लार्क यांची कथा निराळी. जन्मजात व्यंगामुळे त्यांचे हात कोपराखाली पुरेसे फिरत नाहीत. लांब पटर ही त्यांच्यासाठी चैन नव्हती. २०१० ची प्लेयर्स चॅम्पियनशिप त्यांनी त्याच पटरने जिंकली.

तक्रारींना जोर आला तो २०११ नंतर. त्या वर्षी कीगन ब्रॅडली यांनी बेली पटरने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली. शरीराशी टेकवलेल्या पटरने मिळवलेले ते पहिले मोठे विजेतेपद. २०१२ मध्ये वेब सिम्पसन यांनी यूएस ओपन आणि एर्नी एल्स यांनी ब्रिटिश ओपन, तर २०१३ मध्ये ॲडम स्कॉट यांनी मास्टर्स याच मार्गाने जिंकली. तोपर्यंत नोव्हेंबर २०१२ मध्ये बंदीचा प्रस्ताव आलेला होता. मे २०१३ मध्ये तो मंजूर झाला आणि १ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. वाचकांनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा. बंदी लांब पटरवर नाही. पटर किंवा पटर धरलेला हात शरीराशी टेकवून स्थिर करण्यावर आहे. उल्लंघनास स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड आहे. पटर कपड्यांना नुसता चाटून गेला तर दंड नाही. शाफ्ट पुढच्या हाताला कोपरापर्यंत चिकटवून धरण्याची ‘आर्म-लॉक’ पद्धतही वैध आहे. ब्रायसन डिशँबो यांनी २०२० ची यूएस ओपन त्याच पद्धतीने जिंकली.

बंदीनंतर काय झाले, हे कोणत्याही एका तटाला सोयीचे नाही. स्कॉट आखूड पटरकडे वळले आणि २०१६ च्या आरंभीच लागोपाठ दोन स्पर्धा जिंकून मोकळे झाले. ब्रॅडली यांना मात्र २०१२ नंतरच्या पुढच्या विजयासाठी २०१८ पर्यंत थांबावे लागले आणि सिम्पसन यांचाही दीर्घ उपवास त्याच वर्षी सुटला. लँगर यांनी लांब पटर सोडलाच नाही. वरचा हात छातीपासून किंचित दूर धरून ते खेळत राहिले आणि २०२३ मध्ये वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांनी यूएस सीनियर ओपन जिंकली. त्याच वर्षी यिप्सने दीर्घकाळ छळलेल्या लुकास ग्लोव्हर यांनी शरीराला न टेकवलेल्या लांब पटरने ऑगस्टमध्ये सलग दोन स्पर्धा जिंकल्या. भारतीय वंशाचे तरुण अमेरिकी खेळाडू अक्षय भाटिया यांनीही लांब पटरनेच २०२४ ची टेक्सास ओपन पटकावली. दुसऱ्या टोकाला रॉबर्ट गॅरिगस हे २८ इंचांच्या आसपासच्या, मुलांच्या मापाचा वाटावा अशा पटरने २०१० मध्ये पीजीए टूरवर विजयी झाले.

लांबी बदलणाऱ्या पटरची निवड करताना

ज्याचा सध्याचा पटर मापात आहे आणि हेडचे वजन हाताला रुचते, त्याला सरकत्या शाफ्टची गरज नाही. ज्याला माप अजून सापडलेले नाही, ज्याचा पवित्रा बदलतो आहे, ज्याचे वय वाढते आहे किंवा पाठीच्या दुखण्यामुळे ताठ उभे राहणे भाग पडले आहे, त्याने तो जरूर वापरून पाहावा. प्रयोग करताना एका वेळी अर्ध्या इंचाहून अधिक बदल करू नये आणि प्रत्येक मापावर किमान तीन-चार फेऱ्या खेळाव्यात. आठ फुटांवरून किती पट गेले याबरोबरच तीस फुटांवरून चेंडू होलच्या किती जवळ थांबला याचीही नोंद ठेवावी. जवळच्या पटमध्ये नेम कळतो. वजनाची जाणीव हरवली असेल तर ती लांबच्या पटमध्ये उघडी पडते. चेंडू वारंवार आखूड राहत असेल तर हेडला वजन द्यावे, वारंवार होलपलीकडे जात असेल तर वजन कमी करावे, आणि त्यानंतरच लांबीला पुन्हा हात लावावा. माप एकदा नक्की झाले की त्याच लांबीचा अखंड शाफ्ट बसवून घेणारे खेळाडूही आहेत. त्यांच्या दृष्टीने सरकता पटर हा क्लब नसून मोजपट्टी आहे. अनेक दुकानांत माप घेण्यासाठी असे पटर ठेवलेले असतात. खरेदी करायची नसली तरी विक्रेत्याकडे त्यांची चौकशी अवश्य करावी.